ड्रायव्हरांचेही एक दप्तर हवे

श्रावण लागण्याच्या पुष्कळ आधीपासून लालबाग-परळच्या गल्ल्यांतील छपाईच्या आणि डीटीपीच्या दुकानांवर कामाचा जो लोंढा येऊन आदळतो, म्हणजे वर्गणीची पावतीपुस्तके, मंडळांचे अहवाल, जमाखर्चाची पत्रके, आरत्यांच्या पुस्तिका आणि पुढाऱ्यांच्या छबींनी मढविलेले शुभेच्छाफलक, तो निभावून नेणाऱ्या संगणकांपैकी कित्येक संगणक, ज्या कंपन्यांनी ते जन्मास घातले त्यांच्या वहीत, केव्हाच मृतांच्या रकान्यात जाऊन बसले आहेत. गणेशगल्लीचा सार्वजनिक गणपती १९२८ पासूनचा आणि लालबागच्या बाजारातला १९३४ पासूनचा. नव्वदी ओलांडलेले उत्सव जेथे दरसाल नव्या जोमाने उभे राहतात, त्या वस्तीत पंधरा-वीस वर्षांचे चालते यंत्र मोडीत काढण्याचा हुकूम परदेशातून सुटावा आणि आपण तो निमूटपणे शिरोधार्य मानावा, ही गोष्ट वाटते तितकी स्वाभाविक नाही.

जुने यंत्र न सोडण्यामागे दुकानदाराचा चिक्कूपणा असावा, असा त्रयस्थाचा समज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. मराठी मजकुराची मांडणी या दुकानांतून दीर्घकाळ पेजमेकरवर होत आली, आणि त्या आज्ञावलीची अखेरची आवृत्ती २००१ साली निघाली. युनिकोड रुळण्यापूर्वीचे मराठी टंक प्रत्येक टंकगृहाने आपापल्या संकेतानुसार बनविलेले असल्यामुळे एका घरचा मजकूर दुसऱ्या घरच्या टंकात उघडला असता पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उभी राहते. शिवाय यांपैकी काही आज्ञावली संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या जुन्या खाचेत डाँगल नावाची परवान्याची किल्ली बसविल्यावाचून सुरूच होत नाहीत, आणि तसली खाच आजच्या संगणकांना ठेवण्याचा शिरस्ता उरलेला नाही. मंडळाच्या पाव शतकाच्या अहवालांचा मजकूर ज्याच्यापाशी अशा रूपात साठलेला आहे, तो गृहस्थ विंडोज एक्सपीला कवटाळून बसला तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

या गृहस्थाची हार्ड डिस्क एके दिवशी प्राण सोडते आणि तेथून आपल्या विषयाला आरंभ होतो. मूळ सीडी कपाटात असते, परवान्याचा क्रमांकही असतो. दुरुस्तीचा कारागीर येतो, ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो’ असे आश्वासन देतो, जरा अलीकडचा मदरबोर्ड आणि नवी डिस्क जोडतो, सीडी आत सारतो, आणि काही मिनिटांनी पडदा निळा होऊन त्यावर ७बी या खुणेने संपणारी त्रुटीसंख्या झळकते. डिस्क सुस्थितीत असते, सीडीवर ओरखडा नसतो, आणि तरीही प्रणालीला समोरची डिस्क दिसत नाही. २००१ च्या ऑक्टोबरात बाजारात आलेल्या एक्सपीला तिच्यानंतर रूढ झालेल्या साटा डिस्कांशी त्यांच्या नव्या पद्धतीने बोलता येत नाही, कारण त्या संभाषणाचा ड्रायव्हर तिच्या सीडीवर नाही.

हा ड्रायव्हर म्हणजे नेमके काय, हे लालबाग-परळच्या या गिरणगावात समजावून सांगणे अन्यत्र सांगण्यापेक्षा सोपे आहे. गिरणीतील साचेखात्यात व्यवस्थापकाचा हुकूम आणि सांचा यांच्यामध्ये जॉबर उभा असे. साहेबाला सांच्याची खोड ठाऊक नसे, सांच्याला साहेबाची भाषा समजत नसे, आणि दोहोंचे इंगित ओळखणारा जॉबर गैरहजर राहिला की उत्तम सांचे आणि उत्तम हुकूम असूनही खाते ठप्प होई. कार्यप्रणाली आणि यंत्राचा एकेक अवयव यांच्यामधील ड्रायव्हर हा असाच जॉबर असून, पडद्यापासून ध्वनीपर्यंत प्रत्येक खात्याचा जॉबर वेगळा असतो. खात्याचा खास जॉबर न मिळाल्यास प्रणाली पडद्याच्या कामावर एक बदली कामगार उभा करते. चित्र जाडेभरडे दिसते, पण दिसते. डिस्कच्या बाबतीत मात्र एक्सपीजवळ जो बदली होता तो जुन्या धाटणीच्या डिस्कांपुरताच शिकलेला होता.

मायक्रोसॉफ्टने या अडचणीवर एक तोड काढून ठेवली होती. स्थापनेच्या आरंभी पडद्याच्या तळाशी क्षणभर एक सूचना उमटे, तेवढ्यात एफ६ ही कळ दाबावी आणि ड्रायव्हर हाती द्यावा. मात्र तो फ्लॉपीवरूनच. संगणकांतून फ्लॉपीची खाच नाहीशी होत असतानाच ज्या डिस्कांना ड्रायव्हर लागतो त्या प्रचारात आल्या. नेटवर्क कार्डाची कथाही तीच: त्याचा ड्रायव्हर इंटरनेटवर असतो आणि इंटरनेटला पोहोचण्यासाठी ते कार्ड आधी चालावे लागते. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ही आपली म्हण या यंत्रांना उद्देशून रचली असावी अशी शंका येते.

या कोंडीतून कारागिरांनी जी वाट काढली ती म्हणजे मूळ सीडीच्या पोटात हवे ते ड्रायव्हर आधीच घालून नवी बूटेबल सीडी तयार करणे. बाहेरून पाहणाऱ्याला हा नकला काढण्याचा उद्योग वाटेल. परंतु त्यात जी बारकाई आहे ती चांगल्या मुद्रितशोधकाला शोभावी. एक्सपीच्या सीडीतील मुख्य संचयात एक साधी मजकुराची फाइल असते. स्थापनेच्या पहिल्या टप्प्यात कोणते ड्रायव्हर उचलावयाचे याची यादी तीत लिहिलेली असते. तीत डिस्कच्या ड्रायव्हराचे नाव योग्य त्या विभागांत नोंदावे लागते, आणि कोणत्या यंत्रक्रमांकाला तो लागू करावयाचा हेही सांगावे लागते. प्रत्येक अवयव आपल्या कर्त्याचा आणि आपला असे दोन क्रमांक बाळगतो. इंटेलने स्वतःसाठी घेतलेला क्रमांक ८०८६ हा आहे, आणि तो त्या कंपनीच्या १९७८ सालच्या विख्यात प्रोसेसराचे नाव होय. ज्याने कोणी ही निवड केली त्याला आपल्या कुळाचा अभिमान मिरविण्याची हौस असली पाहिजे. असो. या यादीत एक अक्षर चुकले, किंवा बत्तीस बिटांच्या जागी चौसष्ट बिटांचा ड्रायव्हर पडला, की पुनश्च निळा पडदा.

डिस्कचा प्रश्न सुटल्यावर उरलेले ड्रायव्हर, म्हणजे ध्वनी, पडदा, नेटवर्क इत्यादींचे, निराळ्या संचयात ठेवून त्यांची वाट, स्थापनेतील प्रश्नांना आधीच उत्तरे देऊन ठेवणाऱ्या ‘उत्तरांच्या फाइली’त लिहून द्यावयाची, म्हणजे प्रणाली दुसऱ्या टप्प्यात ते आपण होऊन शोधते. अखेरीस सगळ्याची प्रतिमा बनवून ती सीडीवर अशा रीतीने उतरवावयाची की संगणकाने तिला बूट होण्याजोगी सीडी म्हणून ओळखावे. त्याचा संकेत आयबीएम आणि फीनिक्स या दोन कंपन्यांनी १९९५ मध्ये ठरवून दिला. आणि हा सारा संभार ७०० एमबींच्या मर्यादेत बसवावयाचा. डिनो नुहागिच याने एनलाइट नावाची आज्ञावली रचून हे काम सामान्य कारागिराच्या आटोक्यात आणले, आणि बेल्जियममधील विम लीर्स याने सुरू केलेल्या ड्रायव्हरपॅक्स या उपक्रमात निरनिराळ्या कंपन्यांचे ड्रायव्हर एकत्र गोळा होऊ लागले. दोन्ही गोष्टी मूळ कंपनीबाहेरच्या माणसांनी, आपल्या गरजेतून आणि बहुधा आपल्या झोपेच्या वेळात केल्या.

मराठी गिऱ्हाईक असलेल्या कारागिराला आणखी एक काम असे. इंग्रजी एक्सपी नुसती बसविली तर देवनागरी नीट जुळवून दाखविण्याची सोय तिच्यात सुरू झालेली नसे; प्रादेशिक भाषांच्या पानावर जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे, आणि मग प्रणाली मूळ सीडी मागे. सीडी हरवलेल्याची मराठीही हरवे. उत्तरांच्या फाइलीत एका ओळीची भर घालून ही सोय स्थापनेच्या ओघातच करून देणारे कारागीर होते. मराठी भाषेच्या सेवेबद्दल जी मानपत्रे दिली जातात त्यांच्या यादीत या मंडळींना स्थान मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि त्यांनी ते मागितलेलेही नाही.

एक्सपीचा काळ संपला, सबब हा प्रश्नही संपला, असे कोणी म्हणेल. तो दर काही वर्षांनी नवे वस्त्र नेसून परत येतो. २०१५ साली इंटेलच्या नव्या चिपसेटांतून यूएसबीचा जुना नियंत्रक वगळण्यात आला, आणि विंडोज ७ ची स्थापना सुरू करणाऱ्याला पडद्यावर बटण दिसे, पण ते दाबण्यासाठी माउस हलेना आणि कीबोर्ड बोलेना, कारण नव्या नियंत्रकाचा ड्रायव्हर तिच्यात नव्हता. त्या वेळी मदरबोर्डच्या काही कंपन्यांनी स्वतःच ग्राहकांना साधन पुरविले, की तुमची विंडोज ७ ची प्रतिमा घ्या आणि आमचा ड्रायव्हर तीत घाला. याचा अर्थ उघड आहे: कारागीर जे गुपचूप करीत आला, तेच कंपन्यांना आपला माल विकण्यासाठी राजरोस शिकवावे लागले. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या लॅपटॉपांवर विंडोज घालू पाहणाऱ्या अनेकांनी ‘एकही ड्राइव्ह आढळला नाही’ हा संदेश अलीकडे वाचला असेल. तेथेही साठवणीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून आपल्या हाताने द्यावा लागतो. तबकडीची जागा पेनड्राइव्हने घेतली, एवढाच काय तो फरक.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला. सर्वसाधारण ग्राहकाला सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी वर्षभराची वाढीव मुदत देण्यात आली, आणि विंडोज ११ ने टीपीएम २.० या सुरक्षा-चिपची अट घातल्यामुळे सुस्थितीतील असंख्य संगणक त्या उंबरठ्याबाहेर राहिले. यांपैकी जे वापरात राहतील त्यांना कोणीतरी कोठून तरी ड्रायव्हर आणून देणार आहे. हे काम कोण करील, कोणत्या अधिकाराने करील, आणि आणलेला ड्रायव्हर अस्सल आहे याची हमी कोण देईल, हे प्रश्न सरकारने कारागिराच्या माथी मारून मोकळे व्हावे, हे मला मान्य नाही.

येथे चोरीचा आक्षेप येणार, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर एके काळी अशा स्वनिर्मित सीड्या उघड्यावर मिळत, त्यांवर नाना प्रकारच्या ‘एडिशनां’ची नावे झळकत, आणि त्यांतील पुष्कळशा परवान्याच्या दृष्टीने चोरीच्याच असत. काहींच्या पोटात ड्रायव्हरांबरोबर हेरगिरीच्या आज्ञावलीही वस्तीला येत. परंतु परवाना बुडविणे आणि ड्रायव्हर घालणे या दोन कृती एकाच सीडीवर घडल्या म्हणून एक होत नाहीत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम संगणकीय आज्ञावलीच्या कायदेशीर ताबेदाराला, ज्या कामासाठी ती दिली गेली त्या कामी तिचा उपयोग करता यावा म्हणून, तिची प्रत किंवा रूपांतर करण्याची मुभा देते. स्वतःच्या विकत घेतलेल्या विंडोजमध्ये स्वतःच्या यंत्राचा ड्रायव्हर घालणारा मनुष्य या कलमाच्या आशयाच्या आत उभा आहे, असे माझे मत आहे. पेच पडतो तो कारागिराचा. तो ताबेदार नाही. त्याच्या पेटीतील ड्रायव्हरांचा संग्रह दहा गिऱ्हाइकांसाठी असतो, आणि तो संग्रह दुसऱ्याला देण्याचा अधिकार त्याला कोणत्याही कलमाने स्पष्टपणे दिलेला नाही. दुरुस्तीवर ज्याचे पोट आहे त्याला कायद्याच्या संदिग्धतेत जगावयास लावणे म्हणजे त्याला अप्रामाणिकांच्या सोबतीला ढकलणे होय.

दरम्यान ड्रायव्हर नाहीसे होत आहेत. २०१९ च्या अखेरीस इंटेलने आपल्या जुन्या मदरबोर्डांचे ड्रायव्हर आणि बायोसच्या फाइली संकेतस्थळावरून काढून घेतल्या. ३ ऑगस्ट २०२० रोजी मायक्रोसॉफ्टने एसएचए-१ या कमकुवत ठरलेल्या पद्धतीने स्वाक्षरी केलेल्या फाइली आपल्या डाउनलोड केंद्रातून उतरविल्या. सुरक्षेचे कारण खोटे नव्हते; पण फाइली उतरविताना त्या कोणा ग्रंथागाराच्या स्वाधीन कराव्यात, असे बंधन कोणावरच नव्हते. अमेरिकेतील इंटरनेट आर्काइव्हसारख्या धर्मादाय संस्थेने जे सावरले ते सावरले. बाकीचे ज्यांच्या घरच्या सीड्यांवर असेल त्यांच्यापाशी असेल.

ड्रायव्हर गेल्याने यंत्र कसे निव्वळ प्लॅस्टिक होते, याचा उत्तम दाखला छपाईच्या दुकानांतच आहे. एचपीचा लेझरजेट १०२० हा छोटा प्रिंटर आपल्याकडे फार खपला. या प्रिंटरची स्मृती अशी, की वीज गेली की तो आपले कामकाज विसरतो, आणि दर वेळी संगणकाने त्याला फर्मवेअर पुन्हा पढवावे लागते; पानाची आखणीही संगणकाकडचा ड्रायव्हरच करून देतो. तो ड्रायव्हर नसेल तर रोलर, ड्रम, टोनर सारे शाबूत असूनही एक ओळ उमटत नाही. योगायोग असा, की मुक्त सॉफ्टवेअरची चळवळही एका प्रिंटरपाशीच पेटली. एमआयटीतील प्रयोगशाळेला मिळालेल्या झेरॉक्सच्या लेझर प्रिंटरच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर रिचर्ड स्टॉलमन यांना नाकारण्यात आला. आज्ञावली सुधारण्याचा वापरणाऱ्याचा हक्क त्यांना तेथे प्रकर्षाने जाणवला, आणि १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. त्याच परंपरेतील डेबियन या मुक्त कार्यप्रणालीच्या मंडळींनी फर्मवेअराच्या बंदिस्त फाइली आपल्या अधिकृत स्थापना-सीडीत घालाव्यात की नाही, यावर २०२२ मध्ये रीतसर मतदान घेतले, आणि तत्त्वाला थोडी मुरड घालून २०२३ च्या आवृत्तीपासून त्या घातल्या. ज्या समाजात अशा बाबीवर मतदान होते त्याचा मला हेवा वाटतो.

माझी सूचना नवी नाही. तिचा नमुना आपल्याच कायद्यांच्या पुस्तकात आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यान्वये भारतातील प्रत्येक प्रकाशकाने पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांच्या आत त्याची प्रत स्वखर्चाने कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे, आणि एकेक प्रत अन्य तीन ग्रंथालयांकडे धाडावयाची असते. त्या तिहींपैकी एक आपल्या मुंबईत, टाउन हॉलमध्ये नांदते आहे. कोणा प्रकाशकाचे दिवाळे निघाले म्हणून त्याचे पुस्तक जगातून नाहीसे होऊ नये, एवढाच या तरतुदीचा हेतू. हीच तरतूद ड्रायव्हरांना लागू करावी: जी कंपनी या देशात संगणक, प्रिंटर, स्कॅनर वा वैद्यकीय उपकरण विकते, तिने त्याच्या प्रत्येक ड्रायव्हराची आणि फर्मवेअराची प्रत, मूळ डिजिटल स्वाक्षरीसह, पुण्याच्या सी-डॅकसारख्या सरकारी संस्थेकडे रुजू करावी, विक्री आणि आधार चालू असेतोवर दप्तर बंद राहावे, आणि कंपनीने आधार काढून घेतल्याच्या दिवशी ते कारागिरांसह सर्वांना खुले व्हावे. ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी एक पोर्टलही उघडले. तेथे सेवाकेंद्रांचा पत्ता लागतो, ही चांगली गोष्ट. पण ज्या मालावर सेवाकेंद्राने हात झटकले आहेत त्याच्या मालकाला सेवाकेंद्राच्या पत्त्याचा उपयोग काय?

व्यापारी गुपिते फुटतील, अशी ओरड कंपन्या करतील. ती फोल आहे, कारण मी मूळ मजकूर मागत नाही. जी फाइल काल संकेतस्थळावर फुकट होती तीच उद्या दप्तरात असावी, एवढीच मागणी आहे. सुरक्षेचा मुद्दा अधिक वजनदार आहे. जॉबराच्या हाती खाते सोपविल्यावर तो काय करू शकतो, हे १९३१ च्या शाही मजूर आयोगाने त्याच्या लाचखोरीवर ओढलेल्या ताशेऱ्यांवरून गिरणगावाला ठाऊक आहे. आणि प्रणालीच्या गाभ्यात वावरणाऱ्या एका ड्रायव्हराला सदोष फाइल पोहोचल्याने काय होते, ते १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या प्रकरणात जगाने पाहिले: मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख संगणक पडले आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून देण्यात आले. म्हणूनच तर दप्तर सरकारी असावे आणि फाइल मूळ स्वाक्षरीची असावी. आज कारागीर जेथून ड्रायव्हर आणतो त्या ठिकाणांपैकी कित्येकांवर खऱ्या फाइलीशेजारी तीन खोटी बटणे डोळा मारीत बसलेली असतात. मुद्रांकित दप्तरात धोका अधिक आणि या बाजारात कमी, असे म्हणणाऱ्याने तो बाजार पाहिलेला नाही.

खर्चाविषयी फार बोलण्याचे कारण नाही. एका संगणकाचे सगळे ड्रायव्हर बहुधा दोन-चार जीबींत मावतात, आणि सरकारी कचेऱ्यांच्या संकेतस्थळांवर उद्घाटनांची छायाचित्रे याहून अधिक जागा अडवून बसलेली आहेत.

संसदेला अशा कायद्यासाठी सवड मिळेपर्यंत थांबण्याची मात्र गरज नाही. सरकारी खरेदी २०१६ पासून जेम या पोर्टलवरून होऊ लागली आहे, आणि महापालिकेची, शाळांची, रुग्णालयांची संगणक-खरेदीही निविदेच्या अटींवरच चालते. त्या अटींत हमीच्या मुदतीचे कलम असते, वीजदाबाचे असते, खोक्याच्या मापाचेही असते. त्यांच्याच रांगेत आणखी एक कलम वाढवावे, की पुरवठादाराने प्रत्येक नगाच्या ड्रायव्हरांचा संपूर्ण संच आणि तो अंतर्भूत केलेली बूटेबल प्रतिमा मालासोबत द्यावी, आणि ती जतन करण्याचा, तिच्या प्रती काढण्याचा व कोणत्याही दुरुस्ती-कारागिराच्या हाती देण्याचा अधिकार खरेदीदाराकडे राहावा. लालबाग महापालिकेच्या ज्या एफ-दक्षिण विभागात मोडते त्याच्या कचेरीपासून याचा प्रारंभ झाला, तर पुढच्या संगणक-खरेदीच्या निविदेतच हे कलम बसविता येईल. मसुदा तयार करण्यास विधी खात्याला एक दुपार पुरावी.